कथलाचा जिग

भाऊजींना बोट लागते. म्हणजे किती लागावी? धक्क्याला दोन्ही बाजूंनी बांधून ठेवलेल्या बोटीत नुसता पाय ठेवला तरी त्यांचा चेहरा पिवळा पडतो आणि ते घड्याळाकडे बघू लागतात. लग्न ठरलं तेव्हा ही गोष्ट आमच्यापासून लपवली गेली. कळलं असतं तर मी नक्की मोडता घातला असता, कारण माझी ताई सुट्टीच्या दिवशी घरात दिसली तर तिला ताप आहे असं खुशाल समजावं. तिचा सगळा जीव पाण्यावर, आणि नवरा मिळाला तो कात्री-कंगव्याचा, चार भिंतींतला. पण पदरी पडलं पवित्र झालं असं तेव्हा आई म्हणाली, आणि गेली चौतीस वर्षं मीही तेच म्हणत आलोय. माझं बोटींची इंजिनं दुरुस्त करायचं दुकान आहे, स्वतःची एक लहानशी बोट आहे. त्यामुळे बायकोला समुद्रावर न्यायचं नवऱ्याचं काम भावाच्या गळ्यात पडलं.

भाऊजींचं सलून खाली आणि घर वर. दोन खुर्च्या, पण माणूस एकच, त्यामुळे दुसऱ्या खुर्चीवर कायम वर्तमानपत्रं. लोक त्यांना मास्तर म्हणतात. एका डोक्याला ते पाऊण तास लावतात. गिऱ्हाईक घाईत असेल तर सरळ सांगतात, "मग उद्या या." सलूनवाला म्हणजे सगळ्या गावाची बित्तंबातमी असलेला माणूस असतो म्हणे, पण आमचे मास्तर काम करताना तोंडातून अक्षर काढत नाहीत. मान थोडी कलती करून, डोळे बारीक करून ते केसांकडे बघत राहतात. मला या माणसाचा पहिली काही वर्षं भयंकर राग यायचा. इतकं हळू काम करणारा माणूस माझ्या दुकानात असता तर मी त्याला आठवड्यात घरी पाठवला असता.

लग्नाच्या पहिल्याच वर्षी ताईने आणलेला एक जिग टेबलावर पडला होता. जिग म्हणजे काय, तर शिशाचं एक लहान डोकं, त्यात ओतून बसवलेला गळ, आणि डोक्यामागे दोऱ्याने बांधलेले हरणाच्या शेपटीचे केस. पाण्यात खालीवर केला की केस उघडतात, मिटतात, आणि माशाला वाटतं काहीतरी खाण्याजोगं चाललंय. भाऊजींनी तो उचलला, चष्मा लावला आणि विचारलं, "हे कुणी बांधलंय?" दुकानातला आहे, दोन मासे लागले की केस गळतात, असं ताई म्हणाली. भाऊजींना ते फार लागलं. ज्या दुकानदाराला त्यांनी कधी पाहिलंही नव्हतं त्याच्यावर ते दोन दिवस चिडून होते. तिसऱ्या दिवशी ते माझ्याकडे शिसं मागायला आले.

तेव्हापासून ताईचे सगळे जिग त्यांनीच बांधले. साचा आणला, त्यात प्रत्येक खाचेत वजनाचा आकडा कोरलेला असतो, म्हणजे डोक्यावर तो उमटून येतो. पहिले जिग त्यांनी बांधले ते बघण्यासारखे होते! भरगच्च केस, खालून एका रेषेत कापलेले, वर कंगवा फिरवलेला. ताईने ते पाण्यात सोडले तर ते बुडेचनात. एवढ्या केसांवर पाणी अडतं, जिग वरच्या वर तरंगतो. परत आल्यावर ती म्हणाली, "अहो, मासे आरशात बघत नाहीत." विरळ करायची दातेरी कात्री भाऊजींनी त्या दिवशी वर आणली ती पुन्हा खाली नेली नाही.

ताई धरायची ते लेपे. हा चपटा मासा समुद्राच्या तळावर वाळू अंगावर ओढून पडून राहतो. त्याचे दोन्ही डोळे एकाच बाजूला, वरच्या, म्हणजे पडल्या पडल्या त्याला येणारंजाणारं सगळं दिसतं. पण आळशी इतका की वीतभर वरून काही गेलं तरच उठतो, हातभर वरून गेलं तर राहू दे म्हणतो. म्हणून लेप्यासाठी जिग निवडायचा म्हणजे आधी वजन, मग रंग, आणि केस सगळ्यांत शेवटी, असा ताईचा नेम होता. पाणी गढूळ असेल तर पिवळा किंवा गुलाबी, नितळ असेल तर पांढरा, इतपत रंगाचं कुणालाही कळतं. खरी मेख वजनात. हलका घेतला तर पाण्याची ओढ त्याला उचलून नेते आणि तो माशाच्या डोक्यावरून निघून जातो. जड घेतला तर वाळूत नांगर धरतो आणि दुपारपर्यंत मनगट जातं. "तळाला लागला पाहिजे, तळावर आपटता कामा नये," असं ती म्हणायची. आमच्या खाडीच्या तोंडाशी, ओहोटीच्या ओढीत, ते वजन साठ ग्रॅम. वीस वर्षं तिथे साठ लागत आलाय. तळाला टेकला की दोरातून हाताला एक बारीकशी टक कळते. ती टक कळण्यावर सगळं अवलंबून. तिला ती इंजिन चालू असतानाही कळायची, मला इंजिन बंद असतानाही कळत नाही.

वजनाच्या बाबतीत ताईशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. तिने टपाल कचेरीत पार्सलं घ्यायच्या खिडकीवर एकतीस वर्षं काढली होती. हातात घेतलं की आकडा सांगायची, मग काट्यावर ठेवायची, आणि काटा चुकीचा निघायचा.

दोन वर्षांपूर्वी तिच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. पाय महिन्याभरात सावरला. वाचा आठवड्यात परत आली, आणि आल्या आल्या तिने वॉर्डातल्या नर्सला चादर नीट घालायला शिकवलं, तेव्हा आमचा जीव भांड्यात पडला. राहिला तो उजवा हात. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाई म्हणाल्या, ताकद येईल हळूहळू, पण बोटांना समजेल की नाही ते सांगता येत नाही, मात्र सराव थांबवला तर दोन्ही जाईल. मग ताई रोज सकाळ-संध्याकाळ एका वाटीतली बटणं दुसऱ्या वाटीत टाकत बसायची. बटण बोटात आलंय की नाही हे बघितल्याशिवाय कळायचं नाही. डाव्या हातात रॉड धर, असं मी एकदा सुचवलं. "मग रीळ काय दातांनी फिरवू?" असं तिने विचारलं आणि विषय संपला.

अकरा महिन्यांनी तिने रॉड मागितला. मागच्या अंगणात भाऊजींनी साठचा जिग लावून दिला. तिने दोनदा उचलला, तिसऱ्यांदा टोक जमिनीला टेकलं. "साठ उचलता आला की जाईन," ती म्हणाली. "त्याआधी नाही." हलका घेऊन जवळपास कुठेतरी जाऊ, असं आम्ही दोघांनी पुष्कळ सांगितलं. पण आमची ताई म्हणजे एकदा म्हटलं ते म्हटलं. पुढे तीन महिने तेच, तिसऱ्यांदा टोक खाली. मग ती बटणांचाही कंटाळा करू लागली.

एका दुपारी भाऊजी सलून बंद करून माझ्या दुकानात आले. दुपारी सलून बंद म्हणजे काहीतरी मोठंच. ते म्हणाले, "कथील आहे का?"

"आहे. कशाला?"

त्यांनी इकडेतिकडे बघितलं आणि सांगितलं. त्याच साच्यात शिशाऐवजी कथील ओतायचं. आकार तोच, डोक्यावर साठ हा आकडा तोच, पांढरा रंग आणि लाल डोळा तोच. वजन मात्र चाळिसाच्या आत. जिग दोराला भाऊजीच बांधून देत असत, गाठ मारणं ताईला जमतच नव्हतं, त्यामुळे तो तिच्या तळहातावर यायचा प्रश्न नव्हता. "एकदा उचलला की तिला हुरूप येईल," ते म्हणाले. "मग हळूहळू खरा लावू."

मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण खरं सांगायचं तर मला ती युक्ती फार आवडली. इतक्या वर्षांत हा माणूस पहिल्यांदा काहीतरी लबाडी करत होता, आणि तीही माझ्या बहिणीसाठी. मी कथलाची कांडी दिली.

अंगणात तिने तो जिग वीस वेळा उचलला. विसाव्या वेळी ती ओरडली, "अरे, आला! हात आला माझा!" भाऊजींनी टाळ्या वाजवल्या आणि मग तोंड धुवायला म्हणून आत गेले ते बराच वेळ बाहेर आले नाहीत. त्या संध्याकाळी ताईने बटणांचा सराव दुप्पट केला. मी घरी जाताना शीळ घालत गेलो. इतका आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता, हे बायकोने वाचू नये.

रविवारी आम्ही दोघं निघालो. भाऊजी नेहमीप्रमाणे धक्क्यावरून हात हलवत राहिले. खाडीच्या तोंडाशी ओहोटी जोरात होती. ताईने जिग सोडला, दोर सुटत गेला, आणि सुटतच राहिला. तो तिरका होत बोटीपासून लांब लांब जात होता. "आज ओढ आहे," ती म्हणाली. तिने आणखी दोर सोडला. डोळे मिटले. टक यायची वाट बघत ती बसली, आणि मी इंजिनाच्या झाकणावरचा गंज नखाने काढत बसलो, कारण मला माहीत होतं. तो जिग तळाला लागलेलाच नव्हता. तो मधल्या पाण्यात कुठेतरी वाहत चालला होता.

दहा मिनिटांनी तिने डोळे न उघडता विचारलं, "साठच आहे ना रे?"

तेव्हा बोलायचं होतं. तोंड उघडलं की काम होतं. मी म्हणालो, "साठच की. वर लिहिलंय."

"मग लागलाय. इथे साठ लागतोच." तिने डोळे उघडून स्वतःच्या हाताकडे बघितलं. "मलाच कळत नाहीये." मग डाव्या हाताने सगळा दोर गुंडाळला आणि म्हणाली, "चल घरी."

वाटेत ती हवेबद्दल बोलली. घरी गेल्यावर जिगांचा डबा आणि रॉड माझ्या हातात देऊन म्हणाली, "कुणाला हवं असेल त्याला देऊन टाक." जुने कपडे द्यावेत तसं. भाऊजी खाली कामात होते. मी डबा घेऊन घरी आलो. मला वाटलं, दोन दिवसांत राग जाईल, परत मागेल. पण तो राग नव्हताच. तिसऱ्या दिवशी मी गेलो तर ती खिडकीशी बसली होती, उजवा हात मांडीवर तसाच पडलेला, आणि बटणांच्या वाट्या घासून फडताळात उपड्या ठेवलेल्या.

मी जिना उतरून सलूनमध्ये गेलो. भाऊजी ताईच्या कचेरीतल्या जुन्या साहेबांची दाढी करत होते. अर्धा चेहरा साफ, अर्ध्यावर फेस. मी साहेबांची भीड न धरता सगळं सांगून टाकलं. डबा दिल्याचं, वाट्यांचं, आणि बोटीत तिने मला काय विचारलं आणि मी काय उत्तर दिलं तेही. भाऊजी ऐकत होते. डबा दिल्याचं त्यांना माहीत नव्हतं. वाट्या त्यांनी बघितल्या होत्या, पण दमली असेल असं त्यांना वाटलं होतं.

त्यांनी वस्तरा पुसून ठेवला. गिऱ्हाईक खुर्चीत असताना या माणसाने वस्तरा ठेवलेला मी कधी पाहिला नव्हता. "बसा हं जरा," असं साहेबांना म्हणाले आणि जिना चढायला लागले. मीही मागोमाग गेलो.

"तो साठ नव्हता," ते दारातूनच म्हणाले.

ताईने मान वळवली. "काय?"

"जिग. शिशाचा नव्हता, कथलाचा होता. साचा तोच, आकडा तोच. मी ओतला. कथील याने दिलं."

मला मध्ये ओढायची काही गरज नव्हती, पण खोटंही नव्हतं.

"आणा," ताई म्हणाली. भाऊजींनी त्याच्या जोडीने ओतलेला दुसरा खिशातून काढला. तेव्हापासून खिशातच घेऊन फिरत असावेत. तिने तो डाव्या तळहातावर घेतला, एकदाच खालीवर केला. "अडतीस. फार तर एकोणचाळीस."

मग ती म्हणाली, "तीन दिवस. तीन दिवस मी माझा हात मेला म्हणून बसलेय."

"मला वाटलं तुला बरं वाटेल," भाऊजी म्हणाले.

"वाटलं ना! अंगणात नाचायचीच काय ती राहिले होते. पण नंतर काय? समुद्र खोटं बोलतो का? तो तुमच्यासारखा भिडस्त नाही हो. तळ लागला नाही, मला वाटलं लागलाय आणि मला कळत नाहीये. तुम्ही वजन बदललंत आणि मी दोष दिला माझ्या हाताला." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आणि तू. मी तुला विचारलं होतं."

"हो, विचारलं होतंस," मी म्हणालो.

भाऊजी दारातच उभ्या उभ्या रडायला लागले, मोठ्याने, खांद्यावरच्या टॉवेलने तोंड झाकून. ताईने त्यांना समजावलं नाही. थोड्या वेळाने ती म्हणाली, "रडून झालं की खाली जा. साहेबांची अर्धी दाढी राहिलीय." साहेबांचा फेस तोवर वाळून गेला होता. ते तेव्हापासून दुसरीकडे जातात.

चार दिवस ती आमच्या दोघांशी बोलली नाही. पाचव्या दिवशी तिचा फोन आला. "भरती कधी पुरी होते ते बघून सांग. डबा घेऊन ये. आणि त्यांना सांग, त्यांनी बोटीत यायचंय. ही शिक्षा आहे." मी म्हटलं, भरती पुरी होताना? भरती संपून ओहोटी लागायच्या मध्ये अर्धा तास पाणी थबकतं, ओढ नसते, पण त्या वेळी लेपा तोंड उघडत नाही हे मला तीच सांगत आली होती. त्या अर्ध्या तासात ती आजवर डबा उघडून जेवायची. "माहीत आहे मला," ती म्हणाली. "मासे मिळणार नाहीत. पण थांबलेल्या पाण्यात तीस तळाला जातो, आणि तीस मला उचलतो. आजवर पाणी बघून जिग निवडला, आता जिग बघून पाणी निवडायचं. त्यात काय एवढं!"

भाऊजी आले. बादली, लिंबू आणि दातेरी कात्री घेऊन. धक्का सुटायच्या आतच पिवळे पडले. खाडीच्या तोंडाशी मी इंजिन बंद केलं. ताईने डबा मांडीवर घेतला आणि डाव्या हाताने एकेक जिग उचलून तोलायला लागली. आकडा वाचला नाही. पंचवीस, चाळीस, तीस, पुन्हा तीस. शेवटी एक पांढरा निवडला आणि भाऊजींसमोर धरला. "विरळ करा. अजून. अजून." भाऊजी एका हाताने बोटीची कड धरून, डोळे बारीक करून, चार-चार केस काढत होते. इतक्या हळू काम करणाऱ्या माणसाचा मला त्या दिवशी राग आला नाही. गाठही त्यांनीच मारली, पण मारण्याआधी जिग तिच्या तळहातावर ठेवला आणि ती मान हलवेपर्यंत थांबले.

पाणी थबकलं. तिने जिग सोडला. या वेळी दोर सरळ खाली गेला. ताईने डोळे मिटले. भाऊजी तर मळमळायचंही विसरले असावेत. दोर सुटत होता आणि मग सैल पडला. आम्हाला दोघांना तो दिसला, पण आम्ही गप्प राहिलो. आता तिला काही सांगायचा आमचा अधिकार नव्हता.

"लागला," ताई म्हणाली.

भाऊजींना राहवलं नाही. "कळलं? हाताला कळलं?"

तिने जिग वीतभर उचलला, सोडला, वाट बघितली. पुन्हा उचलला. तिच्या बंद डोळ्यांतून पाणी खाली येत होतं आणि तिने ते पुसलं नाही.

"बोटांना नाही," ती म्हणाली. "बोटांना काही म्हणजे काहीच नाही. दंडाला कळलं. इथे, वर."

भाऊजींनी तिच्या दंडाकडे असं बघितलं, जणू तो आज पहिल्यांदाच दिसतोय. मग घाईघाईने म्हणाले, "तेवढं पुरेल का? की अजून विरळ करू? की पस्तीसचा एक करून बघू? शिशाचाच करेन, तुझ्यासमोर ओतेन, तू..."

"अहो, गप्प बसा ना जरा," ताई म्हणाली. "तळ लागतोय मला."